बैठं काम आहे ना? मग झालं!

पाठ दुखतेय? आयटीत आहात ना, मग दुखणारच. माकडहाड दुखतंय? खुर्ची बदला. मान आखडली? मॉनिटर जरा वर घ्या. डोकं ठणकतंय? चष्म्याचा नंबर तपासा. आपल्या पिढीचं, निदान हिंजवडी-खराडी पट्ट्यातल्या जनतेचं, अख्खं वैद्यकशास्त्र एका वाक्यात मावतं: "बैठं काम आहे ना? मग झालं!" हे वाक्य फॅमिली डॉक्टर म्हणतात, फिजिओ म्हणते, शेजारच्या काकू म्हणतात आणि सगळ्यात आधी आपण स्वतःच म्हणतो. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. तिथे भांडण नाहीच. माझं भांडण आहे ते त्यातल्या "मग झालं"शी.

विषय वीकेंडला वाचायला जरा जड आहे, आधीच सांगून ठेवतो. हाडांचे दुर्मीळ ट्यूमर, आणि तेही भलत्याच जागी निघालेले. मी डॉक्टर नाही, चार वर्षं इंजिनिअरिंग करून आता कोड लिहिणारा माणूस. पण निदान म्हणजे शेवटी डीबगिंगच, आणि डीबगिंग कसं करू नये यातला आपल्या धंद्याचा अनुभव दांडगा आहे. :)

आमच्या टीममधल्या एका मुलाची गोष्ट. वय २६. कंबरेच्या जरा वर दुखायचं. दिवसा ठीक, रात्री दोन-तीनला मात्र हमखास जाग. आयबुप्रोफेनची गोळी घेतली की अर्ध्या तासात गायब, पुढच्या रात्री पुन्हा हजर. आठ महिन्यांत खुर्ची बदलून झाली, गादी बदलून झाली, फिजिओच्या बारा सिटिंग झाल्या, एका हाडवैद्याकडे मालिशही झाली. उभा राहिला की एका बाजूला किंचित कलायचा. त्यावर सगळ्यांचं म्हणणं एकच, लॅपटॉपची बॅग एका खांद्यावर घेतो म्हणून. शेवटी एमआरआय झाला. त्यात मणक्याला बरीच सूज दिसली आणि रिपोर्टात 'इन्फेक्शन नाही ना ते पाहावं' असं आलं. एका मोठ्या हॉस्पिटलात त्याला सांगितलं गेलं, "आपण एकेटी सुरू करू, मग बघू." एकेटी म्हणजे टीबीची औषधं. तुकडा नाही, तपासणी नाही, थेट कित्येक महिन्यांचा कोर्स! दुसऱ्या एका डॉक्टरांनी मात्र फिल्म हातात घ्यायच्या आधी विचारलं, "रात्री दुखतं का? गोळीने थांबतं का?" आणि बारीक कापांचा सीटी स्कॅन करायला लावला. मणक्याच्या मागच्या भागात सात मिलिमीटरचा एक ठिपका निघाला. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा.

गंमत अशी की हा आजार गूढ वगैरे अजिबात नाही. हेन्री जाफे या पॅथॉलॉजिस्टने १९३५ सालीच त्याचं वर्णन करून ठेवलंय. कॅन्सर नाही, पसरत नाही, सहसा दीड-दोन सेंटिमीटरपेक्षा मोठा होत नाही. पण हा ठिपका प्रोस्टाग्लँडिन नावाची वेदनेची रसायनं भरपूर बनवतो, म्हणून रात्रीचं दुखणं आणि म्हणूनच ॲस्पिरिनच्या घराण्यातल्या गोळीने पडणारा तो जादुई फरक. मांडीच्या किंवा नडगीच्या हाडात निघाला तर ऑर्थोपेडिकचा विद्यार्थीही ओळखेल. मणक्यात निघाला की तो स्लिप डिस्कचं सोंग घेतो. खुब्याच्या सांध्यात निघाला की संधिवाताचं. लहान मुलात खुब्यात असतो आणि दुखतो गुडघा, मग बिचारा गुडघ्याचे एक्स-रे काढत बसतो. शिवाय एमआरआयमध्ये आजूबाजूची सूज इतकी ठळक दिसते की मधला ठिपका तिच्यात हरवतो. महागडी तपासणी इथे चकवते, जुना सीटी बरोबर सांगतो. ("सर, एमआरआयच करून टाका, पैशाचं बघू" म्हणणाऱ्यांनी ही ओळ पुन्हा वाचा.) आणि उपचार? सीटीच्या मार्गदर्शनाखाली सुई घालून तो ठिपका नव्वद अंश सेल्सिअसला काही मिनिटं भाजायचा. बॉस्टनमध्ये रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली हे पहिल्यांदा छापलं, आज आपल्या मोठ्या शहरांतही होतं. आमचा पठ्ठ्या दुसऱ्या दिवशी घरी आला आणि अकरा तास झोपला.

म्हणजे ज्ञान होतं, यंत्र होतं, उपचार होता. आठ महिने गेले कुठे? तर आपल्या भाषेत सांगायचं तर पहिल्याच दिवशी कोणीतरी तिकिटावर 'नोन इश्यू' लिहून ते क्लोज केलं आणि पुढच्या प्रत्येकाने वरचं लेबल वाचून खालचा लॉग उघडलाच नाही.

बरं, हा तर साधा ट्यूमर. आता जरा खाली, माकडहाडाकडे चला. पाठीच्या कण्याच्या तळाशी जे त्रिकोणी हाड असतं, सेक्रम, त्यात कॉर्डोमा नावाचा ट्यूमर होतो. गर्भात कणा घडत असताना नोटोकॉर्ड नावाचा एक दांडा असतो, त्याच्या मागे राहिलेल्या पेशींतून हा येतो. वर्षाला दहा लाखांत साधारण एकाला. यातले निम्मे सेक्रममध्ये आणि बरेचसे कवटीच्या तळाशी, म्हणजे दोन्ही टोकांना. हा कॅन्सरच आहे, पण अतिशय संथ. वर्षानुवर्षं नुसतं बसलं की दुखतं, मग बद्धकोष्ठता, मग कधीतरी लघवीची तक्रार. बसलं की दुखतं! आता सांगा, दिवसाचे दहा तास खुर्चीत काढणाऱ्या माणसाला हे सांगायचीही सोय आहे का?

आणि इथे ती गोष्ट येते जी वाचून मी खरोखर चिडलो. कंबरेचा म्हणून जो एमआरआय काढतात, त्याची चौकट बऱ्याचदा सेक्रमच्या वरच्या एक-दोन भागांपर्यंतच असते. खालचं सेक्रम चित्रातच नसतं. एक्स-रेत ते असतं, पण पुढे आतड्यातला गॅस आणि मळ, त्यात हाडाचा बाक, त्यामुळे असून नसल्यासारखं. पेशंटच्या हातात मात्र 'एमआरआय नॉर्मल' असा कागद पडतो आणि तो कागद पुढची दोन-तीन वर्षं प्रत्येक डॉक्टरला दाखवला जातो. जो भाग टेस्ट केलाच नाही त्याचाही रिपोर्ट हिरवा! आपल्याकडे असं केलं तर क्लायंट एस्कलेशन करतो.

त्याहून वाईट म्हणजे या ट्यूमरसाठी एक फुकट तपासणी आहे. सेक्रमचे बहुतेक कॉर्डोमा पुढच्या बाजूला, पोटाच्या दिशेने वाढतात आणि गुदद्वारातून बोटाने तपासलं तर हाताला लागतात. तिला डिजिटल रेक्टल एक्झॅमिनेशन म्हणतात. इथे डिजिटल म्हणजे बोट, गैरसमज नको. एक हातमोजा, एक मिनिट. पण डॉक्टरला संकोच, पेशंटला दुप्पट संकोच, म्हणून आपण सात हजारांचं चुकीच्या चौकटीतलं स्कॅन करतो आणि सुटलो म्हणतो.

हा विषय जेवणाच्या टेबलावर काढला की एक जण म्हणतोच, "अरे, आता एआय आहे ना! फोटो टाकला की दोन सेकंदांत सांगेल." राव, आपणच असं बोलायला लागलो तर कसं व्हायचं? मिझुरी विद्यापीठातले रेडिओलॉजिस्ट ग्विलिम लॉडविक यांनी हाडांच्या ट्यूमरचं कॉम्प्युटरने निदान करण्यावरचा पेपर १९६३ साली छापला. १९६३! इंटेल तर रिंगणातच नव्हतं तेव्हा. त्यांनी बेझचं सूत्र वापरलं, तेच जे आपण सेकंड इयरला पाठ करून विसरलो. पेशंटचं वय, कोणतं हाड, हाडाचा कोणता भाग, ट्यूमरची कड कशी, यावरून शक्यता काढायच्या. म्हणजे हाडांच्या ट्यूमरचं निदान हे बहुधा वैद्यकातल्या सगळ्यात आधी कॉम्प्युटरवर चढलेल्या प्रश्नांपैकी एक. मग अडलंय कुठे?

अडलंय इनपुटमध्ये. चौकटीबाहेरचा ट्यूमर कुठल्याही मॉडेलला दिसणार नाही, ते कितीही अब्ज पॅरामीटरचं असो. आणि दुसरी गोष्ट खुद्द बेझमध्येच आहे. या शास्त्रात जागा हा सगळ्यात मोठा पुरावा मानतात आणि ते योग्यही आहे. पंधरा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याजवळ, हाडाच्या वाढणाऱ्या टोकालगत गाठ असेल तर ऑस्टिओसार्कोमा आधी मनात येतो. वाढ संपलेल्या पंचविशीतल्या माणसात अगदी सांध्याला टेकून असेल तर जायंट सेल ट्यूमर. जागा आणि वय सांगितलं की अर्धं निदान झालं. पण याचाच उलटा अर्थ असा की जागा भलती निघाली की हाच पुरावा उलटा खेचायला लागतो. सेक्रममध्ये कॉर्डोमाही होतो आणि जायंट सेलही. कॉर्डोमा सहसा खाली, मध्यावर आणि उतारवयात. जायंट सेल सहसा वरच्या भागात, एका बाजूला आणि विशी ते चाळिशीत, म्हणजे थेट आपल्या वयात. एकाला चहूबाजूंनी निरोगी भाग ठेवून अख्खा काढावा लागतो, दुसऱ्याला खरवडून काढता येतो, रक्तपुरवठा बंद करता येतो आणि २०१३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं डेनोसुमॅब हे औषधही आहे. नाव चुकलं तर ऑपरेशनच चुकलं. आणि त्या भागातल्या नसा लघवी-संडासचा ताबा ठेवणाऱ्या असतात, त्यामुळे चुकीची किंमत काय ते मी लिहीत नाही.

जबड्याचं तर आणखी वेगळं. ऑस्टिओसार्कोमा म्हटलं की शाळकरी मुलगा आणि त्याचा गुडघा डोळ्यापुढे येतो. जबड्यातला ऑस्टिओसार्कोमा मात्र एक-दोन दशकं उशिरा, साधारण तिशीच्या आसपास येतो, आणि त्याला पहिल्यांदा भेटतो तो डेंटिस्ट. दात हलतो, काढला जातो, जखम भरत नाही, ओठ किंवा हनुवटी बधिर होते. दाताच्या मुळाभोवतीची काळी रेघ एक्स-रेत रुंद दिसते, जी रोगट हिरड्यांतही दिसते. बधिर हनुवटी ही ॲसिडिटीसारखी सोसायची गोष्ट नाही, एवढं तरी लक्षात ठेवा.

आता पुन्हा टीबीकडे, कारण हा आपला खास देशी प्रॉब्लेम आहे. भारतात मणक्याला काही दिसलं की टीबी मनात येणं यात चूक काहीच नाही, आपल्याकडे तो आहेच तेवढा. सहसा टीबी शेजारचे दोन मणके आणि मधली चकती धरतो, ट्यूमर सहसा चकती सोडून देतो. पण हे 'सहसा' आहे. जेम्स युइंग यांनी १९२१ साली वर्णन केलेला युइंग सार्कोमा पोरसवदा वयात येतो, ताप आणतो, ईएसआर वाढवतो, आणि ऑपरेशनमध्ये आतून निघणारा पदार्थ पूसारखा दिसू शकतो. सगळी लक्षणं इन्फेक्शनची! म्हणून शहाण्या सर्जनांचा एक जुना नियम आहे: इन्फेक्शन वाटलं तरी तुकडा पॅथॉलॉजीला पाठवा, आणि ट्यूमर वाटला तरी कल्चरला पाठवा. तुकड्यावर सीबीनॅट करता येतं, मायक्रोस्कोप आहे. हे सगळं उपलब्ध असताना जिथे तुकडा घेता येतो तिथेही "एकेटी देऊन बघू" म्हणणं म्हणजे सरळ प्रॉडक्शनवर प्रयोग आहे, आणि प्रॉडक्शन म्हणजे कोणाचा तरी पोरगा.

पण थांबा. तुकडा घ्या म्हटलं की लगेच जवळच्या कोपऱ्यावर सुई टोचून घ्यायची, असंही नाही. किंबहुना माझ्या मते सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. बॉस्टनचे हेन्री मँकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली हाडांच्या आणि स्नायूंच्या कॅन्सरच्या ३२९ पेशंटच्या बायॉप्सींचा हिशोब छापला. निष्कर्ष लाजिरवाणे होते. चौदा वर्षांनी, १९९६ साली, ५९७ पेशंट घेऊन त्यांनी तोच हिशोब पुन्हा मांडला. काही बदललं नव्हतं! ५९७ पैकी १८ जणांचा अवयव केवळ बायॉप्सीच्या घोळामुळे कापावा लागला. आणि बायॉप्सी जिथे पुढचा इलाज होणार त्या केंद्रात न होता आधीच्या हॉस्पिटलात झाली असेल तर चुका आणि गुंतागुंती २ ते १२ पट जास्त.

का? कारण सुई जिथून गेली तो अख्खा मार्ग कॅन्सरच्या पेशींनी दूषित झाला असं धरावं लागतं आणि मुख्य ऑपरेशनमध्ये तोही कापून काढावा लागतो. म्हणून सेक्रमच्या गाठीला सुई मागून, पुढे जिथे चिरा येणार त्याच रेषेत घालतात. कोणी सोपं म्हणून गुदाशयातून घातली, तर उद्या गुदाशयही काढावा लागू शकतो. दहा मिनिटांची 'छोटीशी' प्रोसिजर आणि माणूस आयुष्यभर पोटावर पिशवी लावून फिरतो. बायॉप्सी ही मुख्य ऑपरेशनची पहिली पायरी आहे. ती ज्याने ऑपरेशन करायचं त्याने, निदान त्याला विचारून, करायची. 'आधी तुकडा काढू, मग टाटाला पाठवू' हे वाक्य ऐकू आलं तर नम्रपणे फाइल उचला आणि आधी परळ गाठा. टाटा मेमोरियल १९४१ पासून तिथेच आहे, दोन दिवसांच्या रांगेने बहुतेक वेळा काही बिघडत नाही. (पाय लुळे पडत असतील किंवा लघवी अडली असेल तर मात्र रांग-बिंग नाही, त्याच तासाला इमर्जन्सी.)

आणि काचेवर दिसलं म्हणजे तरी झालं का? नाही! ब्राउन ट्यूमर म्हणून एक प्रकार आहे. जबड्यात, बरगडीत, कटिभागात हाड पोकळ होतं, मायक्रोस्कोपखाली बघितलं तर जायंट सेल ट्यूमरसारख्याच पेशी. खरा आजार मात्र गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीत असतो. रक्तातलं कॅल्शियम आणि पीटीएच तपासलं की उलगडा, ग्रंथीचा इलाज केला की हाड बहुतेक आपोआप भरतं. नुसती काच बघणारा पॅथॉलॉजिस्ट इथे फसतो, नुसती फिल्म बघणारा रेडिओलॉजिस्ट फसतो, नुसता चाकू धरणारा सर्जन तर फसतोच. तिघांनी एका टेबलाशी बसल्याशिवाय हाडाच्या ट्यूमरला नाव द्यायचं नाही, हे जाफेच्या काळापासून सांगितलं जातंय. आपल्याकडे हे तिघं तीन वेगवेगळ्या बिल्डिंगांत, आणि त्यांच्यातली इंटिग्रेशन लेयर कोण? तर पिशवीत फिल्मा घेऊन रिक्षाने फिरणारे पेशंटचे बाबा.

दुर्मीळ आहे म्हणून कोण लक्ष देणार, असंही ऐकलं. ड्यूक विद्यापीठात इंजिनिअरिंगला असलेल्या जॉश सॉमरला २००६ साली कवटीच्या तळाशी कॉर्डोमा निघाला. पठ्ठ्याने विद्यापीठातल्याच कॉर्डोमावर काम करणाऱ्या लॅबमध्ये काम धरलं आणि २००७ साली डॉक्टर असलेल्या आईबरोबर कॉर्डोमा फाउंडेशन काढलं. त्याच लॅबचा सहभाग असलेल्या संशोधनातून २००९ साली काही कुटुंबांत हा ट्यूमर का येतो त्यामागची ब्रॅक्युरी जीनची दुप्पट प्रत सापडली. आज पॅथॉलॉजिस्ट कॉर्डोमा ओळखायला याच ब्रॅक्युरीचा रंग लावतात. दहा लाखांत एक, आणि तरी.

आता तुमचं उत्तर मला माहीत आहे. "मग काय, पाठ दुखणाऱ्या प्रत्येकाला स्कॅन करायचं? देश बुडेल." नाही हो. उलट बिनकामाच्या स्कॅननी काही भलतंच सापडून लोक घाबरतात हेही खरं. माझी मागणी एवढीच की 'बैठं काम' या निदानाला एक्सपायरी डेट असावी. साधी पाठदुखी बहुतेकदा सहा आठवड्यांत निवळते. नाही निवळली, वाढतच गेली, पडल्यावरही थांबेना, रात्री झोपेतून उठवायला लागली, गाठ हाताला लागली, वजन उतरलं, तर ते लेबल फाडून पुन्हा पहिल्यापासून. पायातली ताकद गेली किंवा लघवी-संडासचा ताबा सुटला तर सहा आठवडे काय, सहा तासही थांबायचं नाही.

आणि स्कॅनच्या फॉर्मवर 'क्लिनिकल हिस्टरी' असा एक रकाना असतो, तो जरा बघत चला. माझ्या मित्राच्या फॉर्मवर तिथे 'एलबीपी' लिहिलं होतं. लो बॅक पेन, संपलं. आपल्याकडे 'ॲप चालत नाही' एवढंच लिहून कोणी बग टाकला तर आपण तो तोंडावर परत फेकतो. इथे तीन अक्षरांवर माणसाचा मणका तपासला जातो. डॉक्टरांना घाई असेल तर तुम्ही स्वतः शेजारच्या कागदावर लिहून द्या: किती महिने, दिवसा की रात्री, कोणत्या गोळीने किती वेळात थांबतं, नेमकं कुठे, बोट ठेवून. दुखणं माकडहाडाशी असेल तर टेक्निशियनला विचारा, सेक्रम पूर्ण येणार का? नंतर छापील फिल्मबरोबर सीडी मागा, आणि बायॉप्सी झालीच असेल तर काचा आणि ब्लॉक दोन्ही मागा, दुसऱ्या मतासाठी ते लागतात. हे मागताना समोरची व्यक्ती कपाळाला आठ्या घालेल. घालू दे.

आमच्या एचआरचं आत्ताच मेल आलंय, बुधवारी 'एर्गोनॉमिक्स आणि तुम्ही' या विषयावर वेबिनार आहे, शेवटी दहा मिनिटं प्रश्नोत्तरं. खुर्ची बदलून सहा आठवडे झाले तरी दुखत असेल तर पुढे काय, एवढा एकच प्रश्न विचारणार आहे. काय उत्तर मिळतं ते पुढच्या शनिवारी लिहितो.